पिशवीतला वारा, पेटीतला सूर

एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये घडवलेल्या हार्मोनियमच्या पट्ट्यांवर खुंट्यांची एक रांग असे. खुंटी ओढली की सुरांचा एक वेगळा संच बोलू लागे, आणि त्या आवाजाचे नाव खुंटीच्या चकतीवर लिहिलेले असे. एकीवर बासरी, एकीवर क्लॅरिनेट, एकीवर ओबो. त्यात पाचव्या क्रमांकाची खुंटी असे ‘म्युझेत’ची.

फ्रेंच माणसाला या शब्दाचा पहिला अर्थ विचारला तर तो पिशवी दाखवील. सैनिकाच्या खांद्याला लटकणारी कापडी पिशवी म्हणजे म्युझेत. घोड्याच्या तोंडाला बांधायचा तोबरा म्हणजेही म्युझेत. ‘टूर द फ्रान्स’ या सायकलशर्यतीत धावत्या स्वाराच्या हाती खाण्याची जी पिशवी देतात, तीही म्युझेतच. पण त्याआधी कित्येक वर्षे म्युझेत हे एका वाद्याचे नाव होते. कातड्याची पिशवी, तिला जोडलेल्या नळ्या आणि काखेत दाबून सोडायचा वारा, असे ते वाद्य. आपल्याकडे राजस्थानात आणि गढवालात ज्याला मशक म्हणतात, त्याच घराण्यातले.

सतराव्या शतकात हे धनगरी वाद्य फ्रान्सच्या दरबारात पोचले. सरदार आणि त्यांच्या स्त्रिया गुराखी-मेंढपाळांची सोंगे घेऊन नाचगाणी करीत, आणि त्या सोंगाला शोभेल असे वाद्य त्यांना हवे होते. पण फुंकताना गाल फुगतात, चेहरा बिघडतो. म्हणून कारागिरांनी फुंकणे काढून टाकले आणि दुसऱ्या काखेत एक छोटा भाता बांधला. पिशवीला मखमल चढली, नळ्या हस्तिदंती झाल्या. होत्तेतेर घराण्यातल्या वादकांनी आणि कारागिरांनी या वाद्याला कीर्ती दिली. त्याच्या खर्जाच्या नळीतून एकच सूर अखंड घुमत राही, आपल्या तंबोऱ्याच्या षड्जासारखा. त्या घुमणाऱ्या सुरावर बांधलेल्या रचनांनाही पुढे म्युझेत म्हणू लागले, आणि जर्मनीत बसलेल्या बाखनेही तशा रचना केल्या. फ्रेंच राज्यक्रांतीत दरबार बुडाला, त्याबरोबर मखमली म्युझेत गेले. खेड्यांतले कातडी म्युझेत मात्र राहिले.

भात्याने वारा भरायचा, तोंड मोकळे ठेवायचे, ही युक्ती लक्षात ठेवावी. आपल्याकडच्या पेटीची सारी मातब्बरी तिच्यातच आहे. वाजवणाऱ्याचे तोंड मोकळे राहिले तरच तो गाऊ शकतो.

ऑगस्ट १८४२ मध्ये अलेक्सांद्र दबेन या पॅरिसच्या कारागिराने आपल्या नव्या वाद्याचे पेटंट घेतले आणि त्याला हार्मोनियम हे नाव दिले. पितळेच्या पट्टीत खाच पाडायची, त्या खाचेवर पितळेचीच पातळ जीभ एका टोकाला पक्की बसवायची, आणि वाऱ्याच्या झोताने ती थरथरली की सूर निघायचा, हे त्याचे तत्त्व. ते चीनमध्ये फार जुने होते, युरोपात अठराव्या शतकात त्यावर प्रयोग सुरू झाले होते. दबेनने ते चर्चमधल्या ऑर्गनच्या जागी बसू शकेल अशा बेताच्या, परवडणाऱ्या लाकडी सांगाड्यात आणले. पायांनी भाता मारायचा आणि दोन्ही हातांनी पट्ट्या वाजवायच्या. गरीब चर्चना, शाळांना, मिशनऱ्यांना हे वाद्य सोयीचे वाटले. जहाजातून नेता येई आणि दमट हवेत पियानोसारखे बेसूर होत नसे. मिशनऱ्यांबरोबर ते हिंदुस्थानात उतरले.

दबेनच्या पेटंटनंतर सव्वा वर्षाने, ५ नोव्हेंबर १८४३ रोजी, सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले. तिथे पद्ये सूत्रधार म्हणे आणि साथीला मृदंग-झांजा असत. पॅरिसच्या कारखान्याला सांगलीची खबर नव्हती, सांगलीला पॅरिसची नव्हती. पण या दोन गोष्टींची गाठ पडायची होती, आणि ती पडल्यावर मराठी माणसाच्या कानाचे वळण बदलले.

गाठ पडायला मधली एक पायरी लागली, ती कलकत्त्यात घडली. १८७५ मध्ये सुरू झालेल्या ‘द्वारकिन’ या पेढीचे द्वारकानाथ घोष यांना हातपेटीचे श्रेय सामान्यतः दिले जाते. पायाचा भाता काढून तो पेटीच्या पाठीला लावला, सांगाडा काढून टाकला आणि वाद्य जमिनीवर आले. युरोपी वादकाला हे अपंगत्व वाटले असते, कारण एक हात भात्यात अडकला की दोन हातांनी वाजवायचा स्वरमेळ संपतो. पण आपल्या गाण्यात स्वरमेळ नाहीच. एकच सुरावट पुढे सरकते, तिला एक हात पुरतो. आपण गातो ते मांडी घालून, सतरंजीवर बसून. म्हणून घोषांनी केलेला बदल वाद्य स्वस्त करण्यापुरता नव्हता. आमच्या बैठकीला काय लागते आणि काय लागत नाही, याचा तो नेमका हिशेब होता. ज्यांनी पुढे या वाद्याला ‘परकीय’ म्हणून हाकलले, त्यांनी या एका गोष्टीकडे पुरेसे पाहिले नाही असे मला वाटते.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आले, आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. सूत्रधाराची पदे पात्रांच्या तोंडी आली. आता नटाला बोलता बोलता गायचे होते, तेही ध्वनिवर्धक नसलेल्या काळात, मोठ्या नाटकगृहातल्या शेवटच्या बाकापर्यंत. गावोगावच्या मुक्कामात तर मांडवातच खेळ होत. त्याला साथीला सारंगी होती. सारंगीइतके गळ्याच्या जवळ जाणारे दुसरे वाद्य आपल्याकडे नाही. पण तिच्या अंगाला तीसपस्तीस तरफा, म्हणजे आपोआप गुंजणाऱ्या तारा, असतात. त्या रागागणिक लावाव्या लागतात, हवा पालटली की उतरतात. एका नाटकात पन्नासच्या वर पदे, पद बदलले की राग बदलणार, पात्र बदलले की पट्टी बदलणार. नायिका काळी चारमध्ये गाते आणि तिच्यासमोरचा नायक काळी एकमध्ये, तर सारंगियाने काय करावे? पेटीवाल्याने बोटे सरकवली की काम झाले. शिवाय पात्र गाण्याकडे वळण्याआधी पट्टीचा सूर धरून ठेवायचा, संवाद संपता संपता नटाला तो अलगद कानात द्यायचा, हेही पेटीला साधते. थकलेल्या नटाला तेवढा आधार पुरे होत असे.

आणखी एक कारण होते. त्याबद्दल उघड बोलले जात नसे. सारंगी कोठीवर वाजे. सारंगिये बहुतेक मुसलमान घराण्यांतले, आणि गाणाऱ्या बायकांबरोबर त्यांची नावे जोडलेली. पांढरपेशा पुण्या-मुंबईला गाणे घरात आणायचे होते, मुलींना शिकवायचे होते, पण सारंगीबरोबर येणारा तो भूतकाळ नको होता. पेटीला भूतकाळच नव्हता. कोणत्याही जातीच्या, कोणत्याही घरातल्या माणसाने ती विकत आणावी आणि ओसरीवर ठेवावी. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, १९०८ मध्ये मुंबईत आले, आणि गुरूच्या घरी राहून शिकण्याऐवजी वर्गात बसून गाणे शिकण्याची पद्धत रुजवली. चाळीस मुलांना एकाच वेळी सूर द्यायचा तर तो पक्का आणि मोठा हवा. वर्गातही पेटी आली.

याची किंमत सारंगियांनी मोजली. एका वाद्याबरोबर त्याची घराणी, त्यांचे शेकडो वर्षांचे बंदिशींचे ज्ञान आणि त्यांचा रोजगार मागे पडला. पेटीचा इतिहास सांगताना हे झाकून ठेवणे बरोबर नाही. गंधर्व नाटक मंडळीत मात्र निराळे दृश्य होते. बालगंधर्वांनी पुढे पेटीच्याही वरची पायरी गाठून ऑर्गन आणला, आणि त्याच्याबरोबर कादरबक्ष यांची सारंगी आणि अहमदजान थिरकवाँ यांचा तबला ठेवला. ऑर्गनने बैठक भरावी आणि सारंगीने गळ्याच्या मागोमाग जावे, अशी ती वाटणी. दोन्ही वाद्यांना जागा असू शकते हे त्या एका मंडळीने दाखवले. बाकीच्या मंडळ्यांना तेवढा खर्च झेपणारा नव्हता.

पेटीला साथीच्या कोपऱ्यातून उठवून मधोमध बसवले ते गोविंदराव टेंब्यांनी. जन्म १८८१ चा, कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचा. पेटी त्यांना कुणी बसून शिकवली नाही. गवई भास्करबुवा बखल्यांचे गाणे ऐकत आणि गवई अल्लादियाखाँसाहेबांच्या सहवासात त्यांचा कान घडला. पेटीत मींड नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, हा तिचा जन्मदोष. टेंब्यांनी त्यावर दोन उपाय योजले. एक, बोटांची अशी चपळाई की दोन सुरांमधली फट कानाला जाणवू नये, कणस्वर लागून जावा. दुसरा, भात्याचा हात. सूर चढवायचा, दाबायचा, अर्ध्यात सोडायचा, हे भात्याने होते. बहुतेक शिकाऊ मंडळी उजव्या हाताकडे पाहत राहतात, आणि पेटी बोलते ती डाव्या हाताने.

१९११ मध्ये किर्लोस्कर मंडळीने खाडिलकरांचे ‘मानापमान’ आणले. त्याचे संगीत टेंब्यांचे. तोवर नाटकाच्या चाली साकी, दिंडी, कानडी वळणाची पदे आणि किर्तनातले ढंग यांतून येत. टेंब्यांनी पूरबेकडच्या ठुमऱ्या-दादऱ्यांच्या आणि बंदिशींच्या चाली उचलल्या आणि मराठी शब्दांत बसवल्या. पेटीवाला हाच संगीतकार झाला, ही घटना मला महत्त्वाची वाटते. चाल आता बोटांखाली तपासून पाहता येत होती आणि दुसऱ्याला नेमकी दाखवता येत होती. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे यांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी काढली. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटाचे संगीतही टेंब्यांचेच, आणि त्यात हरिश्चंद्रही तेच.

आता त्या वर्षांतल्या पॅरिसकडे वळावे लागते. तिथे नेमक्या याच काळात पिशवी आणि पेटी यांची झुंज चालू होती.

फ्रान्सच्या मध्यभागी ओव्हेर्न्य नावाचा डोंगराळ, गरीब मुलूख आहे. तिथली माणसे पोटासाठी पॅरिसला येत. पाणी वाहत, कोळसा विकत, मग कोळशाच्या वखारीतच दारूचे छोटे दुकान टाकत. बास्तीयच्या मागच्या ‘र्यु द लाप’ या गल्लीत त्यांची वस्ती दाटली. रविवारी दुकानातली पिंपे बाजूला सारून गावाकडचे नाच होत आणि साथीला गावाकडचे कातडी वाद्य, बकरीच्या कातड्याचे म्हणून ‘काब्रेत’, बोलीत म्युझेत. म्हणून या नाचघरांना ‘बाल म्युझेत’ म्हणू लागले. त्याच शहरात इटालियन मजूरही आले होते. त्यांच्या खांद्यावर होते अकॉर्डियन. दबेनच्या हार्मोनियमचाच तो चुलतभाऊ, तीच पितळी जीभ आणि तोच भाता. ओव्हेर्न्यवाल्यांना हा आपल्या नाचात घुसलेला परका वाटला, आणि वादावादी पुष्कळ झाली. पण विसाव्या शतकाच्या आरंभी बुस्कातेल या नामांकित काब्रेतवाल्याने आपल्या नाचघरात शार्ल पेगुरी या इटालियन वंशाच्या अकॉर्डियनवाल्याला शेजारी बसवले. पुढे पेगुरी त्याचा जावईही झाला. दहावीस वर्षांत कातडी पिशवी नाचघरांतून जवळजवळ दिसेनाशी झाली आणि अकॉर्डियन तिथे राज्य करू लागले. नाव मात्र पिशवीचेच टिकले. आज जगात कुणी ‘म्युझेत’ म्हटले तर त्याच्या कानात अकॉर्डियनवरचा पॅरिसचा वॉल्ट्झ वाजतो.

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातल्या, महाळुंग्याच्या वाचकाला ही गोष्ट लांबची वाटू नये. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत बजाज, महिंद्र, फोक्सवॅगन आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे कारखाने इथे उभे राहिले, आणि महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी या गावांत मराठवाडा-विदर्भापासून बिहार-ओडिशापर्यंतचे लोक एकेका खोलीत पाचपाच जण राहू लागले. पोटासाठी आलेला माणूस पिशवीत दोन कपडे आणतो आणि डोक्यात गाणी. र्यु द लापमध्ये हेच झाले होते.

आणि महाळुंग्याच्या आसपासचा मुलूख गाण्याला नवखा नाही. चाकण-तळेगाव रस्त्यावरून जाताना भंडारा डोंगर दिसतो. तुकोबा तिथे एकांतात बसत. माघ शुद्ध दशमीला त्या डोंगरावर मोठा सप्ताह होतो. तुकोबांचे अभंग उतरवून घेणारे संताजी जगनाडे मूळचे चाकणचे, आणि त्यांची समाधी जवळच सुदुंबऱ्याला. या परंपरेची वाद्ये ठरलेली : वीणा, पखवाज आणि टाळ. वाटेवरच्या दिंडीत आजही याच तिघांचे राज्य. चालत्या माणसाला टाळ पेलतो, पेटी पेलत नाही. पण दिंडी मुक्कामाला टेकली, देवळात सतरंजी पडली, की पेटी येते. गावच्या भजनी मंडळाच्या कपाटात ती असतेच. कुणी दिवसभर कारखान्यात पाळी करून आलेला, कुणी शेतातून आलेला, कुणी शाळेतला मुलगा. यांच्यातला एकही गवई नसतो. पट्टी कुणाची लावायची यावर थोडे बोलणे होते, बहुधा काळी एक ते पांढरी तीनच्या दरम्यान तोडगा निघतो, आणि पेटी सगळ्यांना एका सुरात बांधते. उत्तरेकडे नारायणगावपर्यंत गेले, तर तिथल्या तमाशा-संगीतबारीच्या जगातही ढोलकीवाल्याशेजारी पेटीवाला बसलेला दिसतो. देऊळ आणि बारी या दोन्ही ठिकाणी, एकमेकांना न विचारता, तेच वाद्य गेले.

पेटीबद्दल विद्वानांची मात्र तक्रार होती, आणि ती खोटी नव्हती. पेटी एका सप्तकाचे बारा सारखे भाग पाडते. सप्तक १२०० सेंटचे धरले तर प्रत्येक भाग १०० चा. शुद्ध गंधार तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटतो, तो षड्जापासून ३८६ सेंटवर असतो. पेटीचा गंधार असतो ४०० वर. चौदा सेंटचा हा चढ तयार कानाला बोचतो. तोडीतला कोमल गंधार तर आणखी खाली, दरबारीतला कोमल गंधार झुलता, त्यांना पेटीवर घरच नाही.

यावर उपाय शोधायला सरसावला तो एक सेवानिवृत्त डेप्युटी कलेक्टर. कृष्णाजी बल्लाळ देवल, सांगलीचे. १९१० मध्ये त्यांनी हिंदू स्वरसप्तक आणि त्यातल्या बावीस श्रुती, म्हणजे सूक्ष्म स्वरस्थाने, यांवर इंग्रजीत पुस्तक काढले. अब्दुल करीमखाँना गायला बसवून त्यांनी स्वरांची मोजमापे घेतली होती. त्यांना साथ मिळाली अर्नेस्ट क्लेमंट्स या आय. सी. एस. न्यायाधीशाची. दोघांनी मिळून श्रुती-हार्मोनियमची आखणी केली आणि लंडनच्या मूर अँड मूर या कंपनीकडून ते बनवून घेतले. पॅरिसमध्ये जन्मलेल्या वाद्याला सांगलीच्या गणिताने नवे सूर आणि लंडनच्या कारखान्याने नवे अंग द्यायचे, असा तो बेत.

मार्च १९१६ मध्ये बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिथे श्रुती-हार्मोनियम मांडले गेले आणि त्यावरून वाद झाला. विष्णु नारायण भातखंडे यांना ते पटले नाही. जुन्या ग्रंथांतल्या श्रुती आणि आजच्या गवयाचे प्रत्यक्ष गाणे यांचा असा मोजपट्टीने मेळ घालता येत नाही, अशी त्यांची भूमिका. गवयांनाही ते मानवले नाही. मला दोन्ही बाजूंविषयी आदर वाटतो. भातखंडे व्यवहारात बरोबर होते, कारण गवई एकच गंधार आरोहात एका जागी आणि अवरोहात दुसऱ्या जागी ठेवतो. पण देवलांनी प्रश्न ओळखला होता. पेटी फेकून द्या असे न म्हणता तिला आपल्या गाण्याजवळ आणण्याचा कष्टाचा रस्ता त्यांनी धरला. शंभर वर्षांनी डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी तयार केली, ती त्याच वाटेवरची. आणि बहुसंख्य वादकांनी मधला मार्ग पत्करला. ते गायकाची पट्टी षड्ज धरून पेटी शुद्ध स्वरांत लावून घेतात. त्या लावण्याला ‘गंधार ट्यूनिंग’ म्हणतात.

जड तक्रार आली ती सरकारी. ऑल इंडिया रेडिओचे पहिले नियंत्रक लायोनेल फील्डन यांना पेटी आवडत नसे. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीत सांभाळणारा इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स याने १९३८ मध्ये तिच्याविरुद्ध लिहिले. कलासमीक्षक आनंद कुमारस्वामी यांनी तर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच या वाद्याचा निषेध केला होता. जानेवारी १९४० मध्ये रवींद्रनाथांनी कलकत्ता केंद्राला पत्र लिहून आपला विरोध कळवला. १ मार्च १९४० पासून रेडिओवर पेटी बंद झाली. इंग्रज अधिकारी, इंग्रज संगीतकार आणि स्वदेशीचा अभिमान बाळगणारे भारतीय विचारवंत या एका निर्णयावर एकत्र आले. ‘हे वाद्य भारतीय नाही’ असे सांगण्यात तिघांचेही समाधान होते, कारणे मात्र निरनिराळी होती.

स्वातंत्र्य आले, बंदी राहिली. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे माहिती व नभोवाणी मंत्री होते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. मराठी माणूस, शिक्षण काशी विद्यापीठात आणि पुढे पॅरिसच्या सॉरबोनमध्ये. त्यांनी शास्त्रीय संगीताला आकाशवाणीवर मानाची जागा दिली, त्याबद्दल देशाने त्यांचे ऋणी राहिले पाहिजे. पण पेटीसाठी त्यांचे दार उघडले नाही. त्यामुळे विलक्षण स्थिती तयार झाली. गायक मैफलीत पेटी घेऊन गाई, आणि तोच गायक आकाशवाणीच्या स्टुडिओत सारंगी किंवा व्हायोलिन घेऊन, नाहीतर नुसत्या तंबोऱ्यावर गाई. ज्या घरात रेडिओ होता त्या घरातल्या माणसाला भजनातली पेटी रेडिओवर ऐकायला मिळत नसे.

बंदीने पेटी मेली नाही. उलट मराठी मुलखातल्या सर्वांत मोठ्या पेटीवादकांची पिढी या बंदीच्या वर्षांतच घडली. मुंबईत पी. मधुकर, बेळगावात विठ्ठलराव कोरगावकर आणि रामभाऊ विजापुरे. मुंबईतच गोविंदराव पटवर्धन आणि पुरुषोत्तम वालावलकर. पुण्यात आप्पा जळगावकर, ज्यांची पेटी भीमसेन जोशींच्या गाण्याबरोबर आपल्या पिढीच्या कानात बसली आहे. गोव्यातल्या बोरीचे तुळशीदास बोरकर मधुकरांचे शिष्य. या सर्वांना रेडिओचे दार बंद होते, म्हणून त्यांनी आपली कला मैफलीत आणि नाटकाच्या खड्ड्यात वाढवली. त्यांच्यासमोर श्रोता बसलेला असे. त्याची मान डोलली की काय साधले ते तिथल्या तिथे कळे. पु. ल. देशपांडे आकाशवाणीत नोकरीला होते, आणि त्यांच्या घरच्या बैठकीत पेटी असे. महाराष्ट्राने या वाद्याशी कसे नाते ठेवले, ते त्यांच्याइतके कुणी जगून दाखवले नाही.

१९७० मध्ये दिल्लीत हार्मोनियमवर चर्चासत्र झाले, विद्वानांनी बाजू मांडल्या. १९७१ मध्ये आकाशवाणीने बंदी सैल केली. वरच्या श्रेणीच्या कलावंतांना साथीला पेटी घेता येईल, मात्र पेटीचे स्वतंत्र वादन नाही. म्हणजे टेंब्यांनी सहा दशकांपूर्वी जे सिद्ध केले होते, त्याला अजूनही नभोवाणीचे प्रमाणपत्र नव्हते. २०१६ मध्ये तुळशीदास बोरकरांना पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांच्या गुरूला जाऊन जवळजवळ पन्नास वर्षे झाली होती.

पेटीवाल्यांच्या घरात या इतिहासाची एक खूण अजून बोलीत आहे. चांगल्या पेटीची चौकशी करताना ते विचारतात, ‘सूर कुठले?’ उत्तर असते ‘पॅरिस’ किंवा ‘जर्मन’. कॅस्रिएल या पॅरिसच्या कारखान्याचे सूर त्यांच्यात नावाजलेले. सूर म्हणजे इथे ती पितळी जीभ. युरोपातून ती येणे थांबल्यावर सौराष्ट्रातल्या पालिताण्याच्या कारागिरांनी ती हाताने घडवायला घेतली, आणि आज देशातल्या अनेक पेट्यांत पालिताण्याचे सूर आहेत. लावणारा कारागीर जिभेच्या टोकाकडची पितळ कानशीने किंचित खरवडतो तेव्हा सूर चढतो, आणि बुडाकडची खरवडतो तेव्हा उतरतो. केसाएवढा जास्त हात पडला तरी जीभ वाया.

आणि इथे पिशवीचे नाव मिरवणारे अकॉर्डियन आणि आपली पेटी यांच्यातला फरक सर्वांत स्पष्ट दिसतो. पॅरिसच्या नाचघरातल्या अकॉर्डियनवाल्याला एका पट्टीखालच्या दोन जिभा मुद्दाम थोड्या बेसूर लावून हव्या असतात. त्या एकमेकींशी झगडतात, आणि सुराला जी थरथर येते तिलाच तिकडे ‘म्युझेत’ ट्यूनिंग म्हणतात. गर्दीच्या नाचात, बुटांच्या आवाजात, ती थरथर दूरवर ऐकू जाते. मराठी पेटीवाला खर्ज आणि नर या दोन संचांतल्या जिभा जुळवताना ती थरथर संपेपर्यंत पाठ सोडत नाही. कान पेटीला लावून, भाता हळूहळू सोडत, दोन सुरांमधला झगडा मंदावत मंदावत थांबला पाहिजे, कारण गायकाचा षड्ज त्यावर ठेवायचा असतो. जुनी, मोडकी पॅरिसची पेटी कुठे मिळाली तर कारागीर तिचे लाकूड टाकून देतात आणि सूर काढून घेतात. ते नव्या सागवानी अंगात बसवतात, आणि मूळच्या पॅरिसच्या लावणीवर कानस चालवून ते गायकाच्या पट्टीत आणतात.